‘मग’ या शब्दातली छत्तीस वर्षं

चि. — यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘आधी आयपीएस, मग रिबेरोसाहेबांसारखा राजदूत’ हे वाचून हसू आलं, रागावू नकोस. ज्युलिओ रिबेरो १९५३ साली पोलीस सेवेत आले आणि १९८९ मध्ये राजदूत म्हणून रोमानियाला गेले. मधली छत्तीस वर्षं तू एका ‘मग’मध्ये गुंडाळलीस! त्यात मुंबईचं आयुक्तपद आहे, १९८६ चा दहशतवादाने पेटलेला पंजाब आहे. त्याच वर्षी जालंधरला पोलिसांच्याच गणवेशात आलेल्या हल्लेखोरांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. राजदूत झाल्यावर तरी सुटका? ऑगस्ट १९९१ मध्ये बुखारेस्टला पुन्हा गोळीबार. पंजाब तिथवर मागे आला होता.

शिवाय अशी नेमणूक सरकार करतं, ती मागून मिळत नाही. वकिलातीतच जायचं असेल तर फॉर्मवर परराष्ट्र सेवा पहिली लिही आणि मोकळा हो.

तपासाची आवड मात्र खरी असेल, तर राजदूत न होताही परदेशाशी गाठ पडतेच. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम, त्याचं बघ. फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, या भारताच्या हमीनंतर पोर्तुगालने २००५ मध्ये त्याला सोपवलं. गुन्हा मुंबईतला, आणि शिक्षेची मर्यादा ठरली लिस्बनला दिलेल्या शब्दावर! २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा शब्द पाळायला सांगितलं.

असा आरोपी मागताना पाठवलेले तपासाचे कागद परक्या देशात कोण वाचतो? ज्याला तुझं पोलीस ठाणं माहीत नाही, तूही नाहीस. त्याच्यासमोर लिहिलेलं तेवढंच असतं. मी पोलिसात नवा असताना एका घरफोडीच्या पंचनाम्यात ठोकून दिलं होतं, ‘दार बाहेरून तोडले.’ बचावाच्या वकिलाने शांतपणे विचारलं, “तोडताना पाहिलंत?” पुढे काय बोलणार! कडीचे दोन स्क्रू उंबऱ्याच्या आत पडलेले, तिसरा चौकटीत वाकलेला, एवढंच मी पाहिलं होतं. तेवढंच लिहायला हवं होतं.

रविवारी येशील तेव्हा तुमच्या इमारतीच्या जिन्याचा पंचनामा करून आण. तळमजला ते पहिला मजला, एक पान. ‘जिना अस्वच्छ होता’ असं लिहिलंस तर काकूंच्या हातचा चहा मिळणार नाही.

कळावे,
काका