उघड्या टपाची थार घ्यावी की पिकअप? बाग देवगडला, राहणं पुण्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगड तालुक्यात वडिलांची सव्वाशे कलमांची हापूसची बाग, तुम्ही नोकरीला पुण्यात, महिन्यातून दोनदा गावी जाणं. २०२१ ची कापडी टपाची डिझेल थार तुम्ही बघून ठेवली आहे आणि घरचे म्हणताहेत पिकअप घे. काय घ्यावं?

मी राजापूरकडचा. आमचीही कलमं आहेत. आधी सात वर्षं उघड्या टपाची फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) जीप वापरली, आता सहा वर्षं दुहेरी केबिनची पिकअप दारात आहे. दोन्हींवर मनापासून जीव लावलाय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

गाडीकडे वळण्याआधी एक विचारतो. बाग तुम्ही स्वतः करता की कराराने दिली आहे? प्रश्नात हे आलेलं नाही आणि माझ्या मते सगळा निर्णय इथेच होतो. मोहोर बघून कुणाला बाग दिली असेल तर फवारणी त्याची, काढणी त्याची, गाडीभाडंही त्याचं. तुम्ही जाणार ते झाडं बघायला, घर उघडायला, घरच्यापुरत्या चार पेट्या आणायला. मग खुशाल थार घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. पण बाग घरची माणसं करत असतील, किंवा वडिलांचं वय झालंय म्हणून दोन-तीन वर्षांत ती तुमच्या अंगावर येणार असेल, तर पिकअप घ्या. का, ते माझ्यावरून सांगतो.

एप्रिलातली काढणी. गडी सकाळी सहाला झेले (टोकाला जाळी लावलेल्या काठ्या) घेऊन झाडावर. देठ ठेवून काढलेला आंबा क्रेटमध्ये येतो, एका क्रेटमध्ये साधारण वीस किलो. साडेनऊपर्यंत झाडांच्या सावलीत पस्तीस क्रेट जमलेले. बागेपासून घर दीड किलोमीटर, मधे उघडा कातळ आणि गडग्यांमधली, म्हणजे दगडी बांधांमधली, अरुंद पाणंद. जीपमध्ये मागची सीट उचलून क्रेट बसायचे आठ, अगदी दाबून नऊ. म्हणजे चार खेपा. प्रत्येक खेपेला भरणं, हळू नेणं, उतरवणं, परत येणं. शेवटचे क्रेट हलायला बारा वाजायचे. तोवर सावली सरकलेली असायची आणि वरच्या थरातला आंबा हाताला गरम लागायचा.

त्या वर्षी आढीतून (पिकायला पेंढ्यात रचून ठेवलेल्या आंब्यांतून) काढलेली फळं वडील एकेक करून कापत होते. बाहेरून केशरी, वास घमघमीत, आणि आत कोयीजवळ पांढरट फोपसा गर. साका. साक्याला ऊन हे एकच कारण नसतं, आंबा किती तयार झाल्यावर काढला यावरही पुष्कळ असतं. पण काढलेलं फळ उन्हात तापू देऊ नये हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मला माहीत असून मी ते होऊ देत होतो, कारण माझ्या गाडीला मागे जागाच नव्हती. पिकअप आल्यावर तेच पस्तीस क्रेट एका खेपेत जातात. वर हिरवी शेडनेट बांधायची. ताडपत्री नको, तिच्याखाली हवा कोंडते. दहाच्या आत माल घरात.

दुसरी गोष्ट फवारणीची. मोहोरावर तुडतुडे (रस शोषणारे बारीक किडे) दिसले की दोन दिवसांत फवारणी उरकावी लागते आणि कातळावरच्या बागेत पाणी नेहमी जवळ असतंच असं नाही. पाचशे लिटरची टाकी म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन पाचशे किलो, वर पंप, नळ्या आणि दोन माणसं. महिंद्राची बोलेरो कॅम्पर ही दुहेरी केबिनची पिकअप; तिच्या हौद्याला, म्हणजे मागच्या उघड्या भागाला, एक टनाची क्षमता आहे, तिला याचं काही वाटत नाही. थार हे करूच शकत नाही, तिला हौदाच नाही. एक मात्र सांभाळा: टाकी केबिनला चिकटवून बांधा आणि अर्धी भरून चढावर कधी नेऊ नका. अर्ध्या टाकीतलं पाणी हेंदकाळतं आणि वळणावर सगळं वजन एका बाजूला फेकतं. भरलेली न्या नाहीतर रिकामी. माझी गाडी एकदा याच कारणाने गडग्याला टेकली होती. मागे बसलेला मुलगा वेळेवर उडी मारून सुटला. त्या दिवसापासून हौद्यात माणूस बसवत नाही, कितीही जवळचं अंतर असो. मालवाहू गाडीच्या हौद्यात मजूर बसवणं कायद्याला धरून नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. दुहेरी केबिन घ्यायचं सगळ्यात मोठं कारण माझ्यासाठी हेच आहे की माणसं आत बसतात.

आता थारची बाजू, कारण ती तुम्हाला आवडली आहे आणि आवडण्यासारखीच आहे.

आडवळणाच्या रस्त्यावर ती पिकअपला मागे टाकते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर आणि एकूण लांबी चार मीटरच्या आत. कॅम्परच्या चाकांमधलं अंतर तीन मीटरच्या वर, गाडी पावणेपाच मीटरहून लांब. जिथे पाणंद काटकोनात वळते तिथे थार एका दमात वळते, पिकअपला दोनदा मागे-पुढे करावं लागतं. थारच्या पोटाची जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, पुढचं तोंड आखूड, त्यामुळे कातळाच्या पायरीवर ती नाक न घासता चढते. ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर. हा आकडा साठलेल्या पाण्याचा समजा. जुलैत वाहणाऱ्या व्हाळात (ओढ्यात) गुडघाभर पाणीही गाडी ओढून नेतं. थांबायचं.

आणि टप काढल्यावरचं सुख खरंच वेगळं. जानेवारीत सकाळी दव असताना मी टप गुंडाळून बागेत शिरायचो, झाडाखाली गाडी थांबवून सीटवर उभा राहायचो. मोहोर डोळ्यांसमोर. तुरा हलक्या हाताने झटकला की तुडतुडे उडतात की नाही ते तिथल्या तिथे कळायचं. सगळी कलमं अशी तासाभरात बघून व्हायची. पिकअपमध्ये मला प्रत्येक झाडाखाली उतरावं लागतं, मग खालून मान वर करून बघायचं. ही एक गोष्ट मी रोज आठवतो.

पण तो टप आपल्याकडच्या पावसात सांभाळणं हे एक वेगळं कामच आहे. कोकणात जूनपासून चार महिने हवेतच पाणी असतं. माझ्या जीपच्या कापडाच्या शिवणी तिसऱ्या पावसाळ्यात ओलावा धरू लागल्या, मग बुरशी, मग चेन अडकायला लागली. तुम्ही बघितलेली थार २०२१ ची आहे, म्हणजे तिनेही काही पावसाळे बघितलेत. व्यवहार करण्याआधी टप पूर्ण उघडून स्वतःच्या हाताने पुन्हा बसवून बघा. शिवणींवर बोट फिरवा, मागच्या पारदर्शक खिडकीवर पांढरट ढग आलाय का ते बघा, पायपुसण्या उचलून खालच्या पत्र्याचा वास घ्या. पाणी आत गेलेली गाडी वासावरून कळते. शिवाय कापडी टपाच्या गाडीत लॅपटॉप ठेवून तुम्ही गगनबावड्याला चहाला उतरू शकत नाही. पुण्याहून वैभववाडीपर्यंतचा पल्ला लांब आहे, महामार्गावर कापडाचा फडफडाट कान भरून टाकतो. शेजारी वडील बसणार असतील तर त्यांचाही विचार करा.

पिकअपचे दोषही सांगतो. मागे स्प्रिंगचे पाटे असतात, ते वजनासाठी बनवलेले. गाडी रिकामी असली की मागची बाजू खड्ड्यात उसळते आणि ओल्या चढावर मागची चाकं नुसती फिरतात, कारण त्यांच्यावर भारच नसतो. शेवाळलेल्या जांभ्यावर तर फारच. पहिल्या पावसाळ्यात माझी रिकामी गाडी घराच्या घाटीवर अर्ध्यात अडकली, आणि तीच गाडी मागे खताच्या दहा गोणी घालून सरळ वर आली. तेव्हापासून पावसाळाभर मागच्या आसावर येतील अशा बेताने वाळूची चार पोती बांधून ठेवतो. दाराच्या चौकटीवर कंपनीची चिठ्ठी असते, तिच्यावर टायरची हवा रिकाम्या गाडीला वेगळी आणि भरलेल्या गाडीला वेगळी दिलेली असली तर ती पाळा; अर्धी उसळी तिथेच कमी होते. आणि शक्य असेल तर कॅम्पर फोर बाय फोरच घ्या. सव्वाशे कलमांच्या बागेत ते वर्षातून वीसएक दिवस लागेल, पण ते वीस दिवस फवारणीचे आणि काढणीचे असतात.

कागदपत्रांचं बहुतेक जण आधी बघत नाहीत. कॅम्पर मालवाहू म्हणून नोंदते: पिवळी पाटी, ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक, आणि पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. पुणे–कोल्हापूर रस्त्यावर ८० ची मर्यादा तुम्हाला सुरुवातीला जाचेल. लायसन्सची मात्र काळजी नको. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. एकूण वजन ३००० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला परमिटही लागत नाही. तुम्ही घ्याल त्या मॉडेलचा आकडा कागदावर वाचून खात्री करा. पुण्यात सोसायटी पिवळ्या पाटीची गाडी आत लावू देते का, तेही आधीच विचारून ठेवा. माझ्या चुलतभावाला गाडी घेतल्यावर हे कळलं आणि तो आता रस्त्यावर लावतो.

तुम्ही म्हणाल, मग इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घेतो: पांढरी पाटी, फोर बाय फोर, हौदा पण आहे. गाड्या दणकट आहेत. व्ही-क्रॉसला १.९ लिटरचं १६३ पीएसचं डिझेल इंजिन, हायलक्सला २.८ लिटरचं २०४ पीएसचं. महामार्गावर दोन्ही कॅम्परपेक्षा कितीतरी सुखाच्या. पण किंमत कॅम्परच्या दुपटीच्या पुढे सुरू होते, हौद्यात कागदोपत्री घालता येणारं वजन कॅम्परच्या एक टनापेक्षा बरंच कमी, आणि लांबी सव्वापाच मीटरच्या आसपास. ज्या पाणंदीत माझी गाडी दोनदा मागे-पुढे करते तिथे या अडकतील. सव्वाशे कलमांच्या उत्पन्नातून तो हप्ता निघेल असं मला वाटत नाही. एका वर्षी मोहोर जळाला की पगारातून भरावा लागेल. नुसत्या बागेसाठी मी ती घेणार नाही. पुण्यातही रोज तीच चालवणार असाल आणि पगाराला तो हप्ता जड नसेल, तर गोष्ट वेगळी.

माझं मत सरळ आहे: बाग तुम्ही करणार असाल तर कॅम्पर फोर बाय फोर. ती गावीच ठेवा, वडिलांच्या आणि गड्यांच्या हाताशी. तुम्ही एसटीने किंवा असलेल्या गाडीने या. थार पुण्याच्या पार्किंगमध्ये उभी राहून बागेच्या काय कामाची? मोहोरावर तुडतुडे आले ते मंगळवारी कळतं आणि तुम्ही येणार शनिवारी.

पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा मोजायची फीत सोबत न्या. पाणंद सगळ्यात अरुंद कुठे आहे तिथे दोन गडग्यांमधलं अंतर मोजा, वळणावर दोन्ही बाजूंनी मोजा, आणि वडिलांना विचारा की गेल्या हंगामात एका दिवसात जास्तीत जास्त किती क्रेट उतरले. ते आकडे इथे लिहा, मी कॅम्परशी ताडून सांगतो. अंतर साडेसहा फुटांच्या आत निघालं तर कॅम्पर आत नेणं अवघड जाईल, मग आधी गडगा एका बाजूने मागे घ्यायचं बघावं लागेल. आमच्याकडे शेजाऱ्याशी बोलून चाळीस फूट गडगा नवा रचला. चार माणसांचं आठ दिवसांचं काम होतं.