मायनर ठरवण्याआधी सिलॅबस उघडा

विक्रोळीच्या एका आईने लिहिलं आहे: 'मुलगी एफवाय बीएला आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय अर्थशास्त्र. पण वर्षभर भारतीय ज्ञानप्रणाली, पर्यावरण, सायन्सचा ओपन इलेक्टिव्ह (म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय) असं काय काय चाललं होतं. प्रत्येकाची असाइनमेंट वेगळी. आम्हाला ही नुसती खिचडी वाटते. आता पुढच्या वर्षासाठी मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा विषय निवडायचा आहे. मैत्रिणी सोपं म्हणून मानसशास्त्र घेताहेत, कॉलेजात स्टॅटिस्टिक्सही आहे. बारावीला तिला गणित होतं. पुढे यूपीएससी द्यायची म्हणते. प्रोजेक्टसाठी वरच्या वर्गातल्या मुलीची फाईल मिळते आहे. ती उतरवून वाचलेला वेळ यूपीएससीच्या क्लासला दिला तर काय हरकत आहे?'

ताई, नमस्कार.

फाईलचं आधी सांगते: उतरवू देऊ नका. का, ते पुढे येईलच. पण त्याआधी ती 'खिचडी' जरा नीट पाहू, कारण मायनरचं उत्तरही तिथेच आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलली आणि मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. वर्षाला साधारण ४४ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १३२. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं शिकवणं, प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. एवढं कळलं की घरातला निम्मा गोंधळ कमी होतो. दोन क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह म्हणजे पूर्ण सेमिस्टरमध्ये फक्त ३० तास. त्याच्या असाइनमेंटसाठी रात्री जागायचं आणि अर्थशास्त्राच्या चार क्रेडिटच्या पेपरला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हात लावायचा, असं बहुतेक मुलं करतात. तुमच्या मुलीने क्रेडिटच्या प्रमाणात वेळ वाटला तरी बरंच सुरळीत होईल.

आता मायनर. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक विषयाच्या नावावरून बोलतात. नाव बाजूला ठेवा आणि सिलॅबसची पीडीएफ उघडा, ती विद्यापीठाच्या वेबसाइटवर असते. कॉलेज स्वायत्त असेल तर कॉलेजच्या वेबसाइटवर मिळेल. प्रत्येक पेपरखाली युनिट, युनिटचे तास, अंतर्गत आणि सेमिस्टर परीक्षेचे गुण आणि शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते. दोन्ही विषयांच्या पुढच्या सगळ्या सेमिस्टरची युनिटं मुलीसोबत बसून वाचा, फक्त पहिल्या पेपरावर थांबू नका. मानसशास्त्राची सुरुवात गोष्टीसारखी वाटते. पुढे प्रयोग, मानसशास्त्रीय चाचण्या आणि त्यांच्यासाठी लागणारी आकडेमोड आली, की 'सोपं' म्हणून आलेली मुलं गडबडतात. विषय सुंदर आहे, पण तो ज्याला माणसाच्या मनाबद्दल खरंच कुतूहल आहे त्याने घ्यावा. आकड्यांपासून सुटका म्हणून नव्हे.

तुमच्या मुलीसाठी माझा कल स्पष्टपणे स्टॅटिस्टिक्सकडे आहे. अर्थशास्त्राशी त्याची जोडी घट्ट बसते, बारावीच्या गणितामुळे पाया आहे. शिवाय स्पर्धा परीक्षा म्हटलं की घरोघरी फक्त कलेक्टर दिसतो, पण यूपीएससीच इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस आणि इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस यांच्याही परीक्षा घेते. पहिलीसाठी अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. दुसरीसाठी पदवीला स्टॅटिस्टिक्स हा एक विषय असावा लागतो. म्हणजे आज फॉर्मवर केलेली एक खूण तीन वर्षांनी पात्रतेच्या रकान्यात मोजली जाते. दोन्ही परीक्षांच्या जाहिरातींतली पात्रतेची अट तिने आत्ताच शब्दन् शब्द वाचावी. एमए-एमएससीसाठीही हेच. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केली. तिथे किंवा अशा कुठल्याही चांगल्या ठिकाणी अर्थशास्त्र करायचं तर गणित-संख्याशास्त्राची तयारी लागतेच.

अट एकच. निर्णय तिचा हवा. पहिल्या युनिटमधला एक भाग, समजा सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात ते मोजणं), तिने आठवडाभर पुस्तकातून स्वतः वाचावा, चार उदाहरणं सोडवावीत. कंटाळा आला तर तसं सांगायची मोकळीक द्या.

आता फाईल. अर्थशास्त्राच्या मुलांना निर्देशांक असतो, म्हणजे भाव एकूण किती वाढले ते सांगणारा आकडा. लास्पेअर आणि पाशे या दोन पद्धती उतरवलेल्या फाईलमध्ये दोन सूत्रं म्हणून येतात आणि परीक्षेनंतर विसरल्या जातात. त्याऐवजी तिला म्हणावं, जूनपासून दर रविवारी मंडईत तुमच्याबरोबर यायचं आणि कांदा, बटाटा, टोमॅटो, तूरडाळ यांचा भाव आणि घरी किती आणलं ते वहीत लिहायचं. पावसाळ्यात टोमॅटो महागला की तुम्ही दोन किलोऐवजी एकच आणता, हो ना? लास्पेअर जुनंच, म्हणजे दोन किलोचं प्रमाण धरून खर्च मोजतो, त्यामुळे महागाई जास्त दिसते. पाशे आत्ताचं एक किलोचं प्रमाण धरतो, म्हणून ती कमी दिसते. भाव तेच, घर तेच, तरी दोन उत्तरं! महागाईचा आकडा जाहीर झाला की 'आमच्या घरात तर इतकी कमी वाटत नाही' असं आपण म्हणतो, त्यामागचं एक कारण तिच्या वहीत तिला स्वतःच्या अक्षरात सापडेल. ते ती कधीच विसरणार नाही. पुढे एमएच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत 'प्रोजेक्ट काय केलात?' असं विचारलं, की वरच्या वर्गातल्या मुलीची फाईल दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते. मंडईची वही असेल तर तिला बोलता येतं. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेल्या प्रोजेक्टचंही तेच, हे तिला सांगा. भाषा गुळगुळीत असते, पण कोणी 'हा भाव कुठल्या बाजाराचा?' असं विचारलं की मुलं गप्प होतात.

इतर विषयांचं कामही असंच करता येतं. इतिहासाचा ओपन इलेक्टिव्ह घेतला तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, कॉलेजचं पत्र घेऊन तिथले जुने कागद पाहण्याची रीत विचारून यावी. पर्यावरणाला तुमच्या घराजवळची खारफुटी आहे. मुंबईत राहून प्रोजेक्टला विषय मिळत नाही असं म्हणणाऱ्या मुलांचं मला खरंच वाईट वाटतं.

राहिला क्लास. नागरी सेवा परीक्षेला बसायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तिच्या हातात वेळ आहे. मुख्य परीक्षेत निबंध आहे, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आहेत आणि वैकल्पिक विषय म्हणून अर्थशास्त्र घेता येतं, त्याचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर. म्हणजे मेजरचा अभ्यास नीट झाला तर तीच तयारी आहे. रोज एक वर्तमानपत्र आणि आठवड्याला एक पान स्वतःचं लिखाण, एवढं एफवाय-एसवायला पुरे. क्लासची फी तूर्त बाजूला ठेवा.

आणखी एक काम राहू देऊ नका. तिचं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळवलेले क्रेडिट ऑनलाइन जमा होतात ते खातं डिजिलॉकरमधून उघडून दोन्ही सेमिस्टरचे क्रेडिट जमा झालेत का ते बघा. नसतील तर कॉलेजच्या ऑफिसात लगेच अर्ज द्या, पुढे कॉलेज बदलायचं झालं तर तेच क्रेडिट कामाला येतात.

मायनरचा फॉर्म भरायच्या आधी दोन्ही विषयांच्या सिलॅबसची पानं आणि तिने सोडवलेली चार उदाहरणं मला पाठवा. ती कुठे अडली ते तिच्याच अक्षरात पाहिलं की मला नेमकं सांगता येईल.