लष्करी अधिकाऱ्यांच्या स्टाफ कोर्सला जाताय? आधी हात चालता करा

पुस्तकांचा ढीग नंतर. आधी रोज एक उत्तर घड्याळ लावून, पेनाने लिहा. टायपिंगला सरावलेला हात लेखी पेपरच्या दुसऱ्या तासाला आखडतो आणि शेवटचा प्रश्न अर्धवट राहतो.

अप्रिसिएशनमध्ये, म्हणजे परिस्थितीचा एकेक घटक तपासून योजना ठरवण्यात, बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. ‘नदीला पूर आहे’ लिहितात, पण मग काय, ते लिहीत नाहीत. प्रत्येक घटकाखाली निष्कर्ष हवाच, आणि तो योजनेत उतरलेला दिसला पाहिजे.

हालचालीचं गणित कच्चं नको. 50 मीटर अंतराने 60 वाहनं म्हणजे जवळपास 3 किलोमीटरचा ताफा. ताशी 20 किलोमीटरने तो एका ठिकाणाहून पूर्ण पुढे सरकायला 9 मिनिटं. ती धरली नाहीत की पुढचं वेळापत्रक कोसळतं. 1:50,000 नकाशावर 2 मिलिमीटर म्हणजे 100 मीटर, तेव्हा जाड स्केचपेन घरीच ठेवा.