मुलीने मॅचमध्ये धक्काबुक्की केली, म्हणजे ती बिघडली का?

न्यू जर्सीत समुपदेशन करताना मराठी आईवडिलांकडून ही काळजी वरचेवर ऐकते: मुलगी कॉलेजच्या टीममधून बास्केटबॉल खेळते, कोर्टवर हातघाईवर आली, आता हिचं कसं व्हायचं? एका घरातला अनुभव सांगते, ओळख पटेल असं सगळं वगळून.

आई फोनवर रडकुंडीला आली होती. "ताई, मुलीच्या जातीला शोभतं का हे? व्हिडिओ नागपूरला माझ्या सासरी पोचलाय. स्कॉलरशिप गेली तर?" ती भीती लगेच दूर झाली. कॉलेज डिव्हिजन थ्रीमधलं, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातलं, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप मुळात नसतेच. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना. तिच्या नियमाप्रमाणे मारामारी केली की मॅचमधून बाहेर आणि पुढची मॅचही बंद. ती शिक्षा मुलीला झालेलीच होती.

मुलीला मी "असं का केलंस?" विचारलं नाही. त्यावर "माहीत नाही" एवढंच ऐकू येतं. काय झालं ते करून दाखव, म्हटलं. तिने गुडघे वाकवले, पाठ मागे रेटली. रिबाउंडसाठी, म्हणजे बास्केट हुकून परत येणारा बॉल पकडण्यासाठी, जागा अडवताना समोरची दर वेळी बरगडीत कोपर मारायची, जर्सी मुठीत धरायची, आणि रेफरीचं लक्ष बॉलकडे. शेवटी त्याच मुलीने हिच्या टीममधल्या ठेंगण्या पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणाऱ्या मुलीला, पाडलं, तेव्हा हिने तिला दोन्ही हातांनी ढकललं. हे दाखवतानाही तिचा जबडा आवळला, खांदे वर चढले. मला तेच बघायचं होतं. हात उठण्याआधी शरीर सांगतं, आणि तेवढ्या वेळात वळता येतं. जबडा आवळला की समोरच्या मुलीकडे पाठ करायची, आपल्या बेंचकडे बघायचं, तक्रार कॅप्टनकरवी रेफरीपर्यंत पोचवायची. कोचने प्रॅक्टिसमध्ये मुद्दाम कोपरं मारायला लावून हे तिच्याकडून घोटून घेतलं.

आईला मी 2024 ची मुलींच्या बास्केटबॉलची एसईसी फायनल सांगितली; एसईसी म्हणजे दक्षिण-पूर्वेकडच्या विद्यापीठांची लीग. एलएसयूच्या, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या, फ्लॉजे जॉन्सनने फाउल केला, पुढे जाताना आणखी एकीला धडकली, आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या 6 फूट 7 इंच उंचीच्या कमिला कार्डोसोने तिला ढकलून पाडलं. जॉन्सनचा भाऊ प्रेक्षकांतून थेट कोर्टवर उतरला आणि त्याला अटक झाली. घरच्यांनी उडी घेतली की काय होतं, ते तिथे दिसलं. कार्डोसोने माफी मागितली, त्यानंतरच्या देशपातळीवरच्या एनसीएए स्पर्धेची पहिली मॅच बाहेर बसून काढली. त्याच स्पर्धेत साउथ कॅरोलिना विजेती ठरली आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान कार्डोसोला मिळाला.

वडिलांना विचारलं, मुलगा असता तर? ते प्रामाणिकपणे म्हणाले, "खेळात चालायचंच, म्हणालो असतो." मला हा दुजाभाव फार खटकतो. चूक दोघांचीही तेवढीच. पडलेल्या मुलीचं मनगट मुरगळलं होतं, म्हणून माफीचं पत्र आमच्या मुलीने स्वतः लिहिलं, आईने सांगितलेलं नव्हे. पण "मुलगी असून" हे शब्द घरात नकोत, असं मी दोघांना निक्षून सांगितलं. त्या शब्दांनी मुलगी राग आवरायला शिकत नाही, घरच्यांपासून लपवायला शिकते.

राग कोर्टबाहेरही येत असेल, रूममेटशी खटके उडत असतील, झोप उडाली असेल किंवा "पुढच्या मॅचला बघते तिला" अशी भाषा सुरू असेल, तर मात्र वाट बघू नका. कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात त्याच आठवड्यात वेळ घ्यायला सांगा.