‘इजिप्त कोणी गमावला?’ हा प्रश्न कानावर येईल तेव्हा

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा विषय वाचला : अमेरिकी टीव्हीवरच्या बातम्या, परदेशातले उठाव आणि अमेरिकेचा ओसरता प्रभाव. विषय मोलाचा आहे, पण त्याला एक आयुष्य पुरणार नाही. तो कापून लहान कर. २०११ सालचे इजिप्तचे अठरा दिवस घे, २५ जानेवारी ते ११ फेब्रुवारी : राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांच्याविरुद्धचा उठाव सुरू झाल्यापासून ते पायउतार होईपर्यंत. सुरुवात आणि शेवट ठरलेले आहेत, चित्रण उपलब्ध आहे आणि पुढे काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. तुलनेला १९७९चं इराण ठेव, जिथे राजे शहा यांची राजवट कोसळली. तिसरं प्रकरण घेऊ नकोस.

पाहायला बसण्याआधी एका क्रियापदाकडे नीट बघ : गमावणे. १९४९मध्ये माओंचे कम्युनिस्ट जिंकले आणि वॉशिंग्टनमध्ये वाद पेटला, ‘चीन कोणी गमावला?’ तीस वर्षांनी हाच प्रश्न इराणबद्दल आला, २०११मध्ये इजिप्तबद्दल. जे आपल्या मालकीचं असतं तेच गमावता येतं. हा प्रश्न मान्य केला की कैरोच्या तहरीर चौकात उभा असलेला माणूस गोष्टीतून बाहेर फेकला जातो आणि मागे उरतो तो वॉशिंग्टनमधल्या दोन पक्षांचा हिशेब. माझ्या मते अमेरिकी टीव्हीचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे : दुसऱ्यांच्या उठावाचा कर्ता बदलला जातो. म्हणून पहिलं काम व्याकरणाचं. रोजच्या बातमीपत्रातलं निवेदकाचं इजिप्तविषयीचं पहिलं वाक्य जसंच्या तसं उतरवून घे आणि कर्त्याखाली रेघ मार. आंदोलक, मुबारक, ओबामा की ‘अमेरिका’? एबीसी, सीबीएस, एनबीसी या तीन वाहिन्या आणि अठरा दिवस मिळून चोपन्न वाक्यं होतात. एवढ्यावरच एक प्रकरण उभं राहील.

इराणमध्ये हा बदल शीर्षकातच सापडतो. ४ नोव्हेंबर १९७९ला विद्यार्थ्यांनी तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासाचा ताबा घेतला. चारच दिवसांनी एबीसीने रात्री उशिरा रोजचा विशेष कार्यक्रम सुरू केला. त्याच्या नावाचा अर्थ होता, ‘इराणचं संकट : अमेरिका ओलीस’. शेवटपर्यंत ओलीस राहिली ती ५२ माणसं, पण शीर्षकाने ओलीस ठरवला अख्खा देश. शीर्षकासोबत दिवसांचा आकडा रोज वाढत गेला. सीबीएसवर निवेदक वॉल्टर क्रॉंकाइटही निरोप घेताना दिवस मोजू लागले. मार्च १९८०मध्ये एबीसीचा तोच कार्यक्रम टेड कॉपल यांचा ‘नाइटलाइन’ झाला. सुटका झाली ४४४ दिवसांनी, २० जानेवारी १९८१ला, रेगन यांच्या शपथविधीच्या दिवशी.

मोजणी कुठून सुरू केली, यावर सगळी गोष्ट ठरते. ४ नोव्हेंबर हा पहिला दिवस धरला तर इराणी माणूस विनाकारण चवताळलेला दिसतो. ऑगस्ट १९५३पासून मोजलं, म्हणजे सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्याने इराणचे पंतप्रधान मोसाद्देक यांचं सरकार उलथवायला हातभार लावला तिथपासून, तर पदच्युत शहा ऑक्टोबर १९७९मध्ये उपचारांसाठी न्यूयॉर्कला पोचल्यावर, पुन्हा तसंच घडेल या धास्तीने, तेहरान का हादरलं ते समजतं. त्याने ओलीस धरण्याचं समर्थन होत नाही, कारण मात्र कळतं. तुझ्या तक्त्यात एक रकाना एवढ्यासाठीच ठेव : या बातमीत १९५३चा उल्लेख आहे की नाही?

आता साहित्य कुठे मिळेल ते. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात ऑगस्ट १९६८पासूनच्या संध्याकाळच्या राष्ट्रीय बातम्यांचा संग्रह आहे. प्रत्येक बातमीचा छोटा सारांश शोधता येतो. चित्रण मिळवायला वेळ आणि पैसे दोन्ही बाजूला ठेव. २००९नंतरच्या बातम्यांसाठी इंटरनेट अर्काइव्हचा टीव्ही संग्रह वापर, तिथे कॅप्शनमधल्या शब्दांवरून शोध घेता येतो. यात तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं. कॅप्शन बोलण्याच्या काही सेकंद मागे असते, त्यामुळे सापडलेल्या जागेच्या थोडं आधीपासून पाहायला हवं. घाईत टंकलेली अरबी नावं चुकतात, म्हणून प्रत्येक नावाची चार-पाच स्पेलिंगं करून शोध. आणि पडद्यावर काय दिसतंय ते कॅप्शन सांगत नाही. नुसते शब्द मोजून निष्कर्ष काढलास तर परीक्षक पहिल्याच प्रश्नाला अडवतील.

तक्त्यात रकाने असे कर : मिनिट-सेकंद, दृश्य, आवाज कोणाचा, खालच्या पट्टीवरचं नाव आणि हुद्दा, बोलण्याची भाषा, बोलणारा कुठे आहे. पहिली पाच बातमीपत्रं मित्राकडून किंवा मैत्रिणीकडून स्वतंत्रपणे भरून घे. दोन तक्ते जिथे जुळत नाहीत तिथे तुझा नियम ढिला आहे. तो आधी घट्ट कर, मग पुढे जा.

अर्ध्या तासाच्या बातमीपत्रातून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटं उरतात. त्यात कैरोच्या एका वृत्ताला दोन-अडीच मिनिटं. चोवीस तासांच्या सीएनएन, फॉक्स किंवा तेव्हाच्या एमएसएनबीसीचा व्यवहार निराळा. तिथे वेळ भरायचा असतो, म्हणून चर्चा वाढतात. ही दोन मापं एका तक्त्यात मिसळू नकोस.

घड्याळही जवळ ठेव. हिवाळ्यात कैरो न्यूयॉर्कच्या सात तास पुढे असतं. न्यूयॉर्कमध्ये साडेसहाचं बातमीपत्र सुरू होतं तेव्हा तहरीर चौकात रात्रीचा दीड वाजलेला असतो. थेट प्रक्षेपणात काळोख, शेकोट्या, जाळपोळीच्या ज्वाळा दिसतात. दिवसा चौक झाडणारी मुलं, औषधाचे तंबू, नमाज चाललेली असताना कडं करून उभे असलेले ख्रिस्ती तरुण हे सगळं आधी चित्रित केलेल्या तुकड्यात गेलं तर गेलं. सर्वांत मोठी गर्दी शुक्रवारच्या नमाजानंतर होई. कैरोत दुपार असते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पहाट. म्हणजे ‘शहर धुमसतंय’ या ठशातला बराच भाग घड्याळाने घडवलेला आहे, आणि तू वेळ नोंदवलीस तर तो दाखवून देता येईल.

गर्दीचे आकडे वाहिनीच्या तोंडचे घेऊ नकोस. बर्कली विद्यापीठाच्या हर्बर्ट जेकब्स यांनी १९६०च्या दशकात रूढ केलेली रीत साधी आहे : सैल गर्दीत एका माणसाला १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, अगदी अंगाला अंग घासत असेल तर अडीच. म्हणजे एक लाख चौरस फुटांत १०,००० माणसं मावतात, किंवा सुमारे २२,०००, किंवा ४०,०००. उपग्रहाच्या नकाशावर चौक मोज, वरून घेतलेलं चित्र शोध, भरलेला भाग आखून घे. बाल्कनीतून तिरकस घेतलेल्या चित्रावर हे करू नकोस. तिथे मधल्या मोकळ्या जागा दिसतच नाहीत आणि गर्दी आहे त्याहून दाट वाटते.

भाषेच्या रकान्यातून फार काही निघेल. कॅमेऱ्यासमोर इंग्रजी बोलणारा इजिप्शियन तरुण जास्त वेळ टिकतो. अरबी बोलणाऱ्याचे पहिले तीन शब्द ऐकू येतात आणि त्यावर वार्ताहराचा आवाज चढतो. म्हणून शहरी, शिकलेला, फेसबुकवरचा आंदोलक पडद्यावर जास्त दिसतो. पण इंटरनेट २७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर बंद झालं, २ फेब्रुवारीपर्यंत बंद राहिलं, आणि तरीही २८ तारखेला लोक प्रचंड संख्येने रस्त्यावर उतरले. ‘फेसबुक क्रांती’ म्हणणाऱ्या बातमीत हे येतं का, बघ. शेवटच्या आठवड्यात कामगारांचे संप पसरले होते. त्यांना किती सेकंद मिळाले तेही मोज. घोषणा मूळ अरबीतून ऐक : ‘अश्शाब युरीद इस्कात अन्‌-निझाम’, लोकांना ही राजवट पाडायची आहे. यातला ‘निझाम’ आपल्याला हैदराबादमुळे ओळखीचा आहे. मराठवाड्यातल्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला या घोषणेचा अर्थ सांगावा लागू नये.

मग स्टुडिओतले पाहुणे. माजी राजदूत, निवृत्त जनरल, सिनेटर यांची वेगळी मोजणी कर. २७ जानेवारीला उपाध्यक्ष बायडेन पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर म्हणाले की मुबारक यांना आपण हुकूमशहा म्हणणार नाही. ५ फेब्रुवारीला ओबामांचे दूत फ्रँक विझनर यांनी मुबारक यांनी पदावर राहणं महत्त्वाचं असल्याचं सांगितलं, आणि सरकारने लगेच त्यापासून अंग काढून घेतलं. त्याच सुमारास फॉक्सवर भाष्यकार ग्लेन बेक फळ्यावर खिलाफतीची भीती रंगवत होते. या तिन्हींची बातमी ‘वॉशिंग्टन गोंधळलं, म्हणून प्रभाव घटला’ अशी झाली. सरकारचा सूर बेसूर होणं आणि देशाचा प्रभाव घटणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि टीव्ही त्या सतत एक करतो.

प्रभाव तपासायला ठोस खुणा घे. इजिप्तला मिळणारी वर्षाची १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत : ऑक्टोबर २०१३मध्ये तिचा काही भाग रोखला गेला, मार्च २०१५मध्ये ती पुन्हा मोकळी झाली. इस्राएलबरोबरचा १९७९चा करार टिकून आहे. चौकात अश्रुधुराच्या नळकांड्यांवर ‘मेड इन यूएसए’ छापलेलं होतं, आणि एबीसीने ते दाखवलं होतं. प्रभावाची ही खूण लोकांच्या हातात होती, तरी चर्चा चालली ओबामांच्या भाषणातल्या शब्दांची. जे चांगलं काम झालं ते लिहायला संकोच करू नकोस. २ आणि ३ फेब्रुवारीला वार्ताहरांना मारहाण झाली, धमक्या आल्या, तरी अनेकजण चौकातच थांबले. मात्र त्या दोन दिवसांत किती मिनिटं वार्ताहरांविषयी आणि किती जखमी इजिप्शियनांविषयी, हा हिशेब टाळता येणार नाही.

बहरीनला प्रकरण नको, एक परिच्छेद दे. त्याच फेब्रुवारीत राजधानी मनामाच्या पर्ल चौकात लोक बसले होते. बहरीनमध्येच अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचा तळ आहे. १४ मार्चला सौदी फौजा आत आल्या, १८ मार्चला चौकातलं स्मारकच पाडलं गेलं. कॅमेरे तोवर ११ मार्चच्या त्सुनामीमुळे जपानकडे आणि मग लिबियाकडे वळले होते. सगळं दुर्लक्ष मुद्दाम केलेलं नसतं. कॅमेरा-चमू थोडे असतात आणि विमानं एका वेळी एकाच दिशेला जातात. पण मित्र राजाविरुद्धचा उठाव ‘प्रभाव घटला’ या साच्यात सहज बसत नाही, हेही कारण तपासण्याजोगं आहे.

आणि तक्त्याचं पहिलं पान २५ जानेवारीला उघडू नकोस. वाहिन्यांच्या बातम्यांची मिनिटं मोजणारे अँड्र्यू टिंडल यांच्या हिशेबानुसार २०२० या संपूर्ण वर्षात तिन्ही मोठ्या वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातम्यांत अफगाणिस्तानला मिळून पाच मिनिटं मिळाली होती. पुढच्याच ऑगस्टमध्ये काबूल पडलं आणि सगळे चकित झाले. इजिप्तसाठीही मागे जा. दोन शोध घे : जून २०१०मध्ये अलेक्झांड्रियात पोलिसांच्या मारहाणीत गेलेला तरुण खालेद सईद, आणि त्याच वर्षअखेरीची संसदेची निवडणूक, जिच्यात मुबारक यांच्या पक्षाने जवळजवळ सगळं सभागृह बळकावलं. एबीसी, सीबीएस, एनबीसी, तिन्हींची संध्याकाळची बातमीपत्रं धुंडाळ. मिनिटं किती भरली ते आधी कळव, मग मोजणीचे बाकीचे नियम ठरवू.