केमोला वाट करून देणारी वीज

गेल्या लेखात इलेक्ट्रोकेमोथेरपीचा ओझरता उल्लेख केला होता: गाठीला क्षणभर विजेचे झटके दिले की केमोचं औषध तिथल्या पेशींत भरपूर शिरतं. तेवढ्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली पाच आज घेते.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी आईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. आता त्याच जागी कातडीवर सात-आठ गाठी आल्यात. एक फुटून वाहते, वास येतो, म्हणून आई कुणाजवळ बसत नाही. इटलीतला मावसभाऊ म्हणतो, तिकडे हा उपचार मिळतो. आईला उपयोग होईल का? (सोलापूर)

ताई, ‘आई कुणाजवळ बसत नाही’ या वाक्यापाशी मी थांबले. हा उपचार नेमका अशा त्रासावर चांगला चालतो. वाहणं आणि रक्तस्राव कमी होतो, कारण झटक्यांनी गाठीतल्या रक्तवाहिन्याही आकसतात.

मावसभावाचं म्हणणं बरोबर आहे. फ्रान्स, डेन्मार्क, आयर्लंड आणि स्लोव्हेनियातल्या चार केंद्रांनी मिळून याची पद्धत नक्की केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उपचार केलेल्या गाठींपैकी सुमारे ८५ टक्के गाठींनी प्रतिसाद दिला, ७४ टक्के तर पूर्ण नाहीशा झाल्या. पण हे आकडे गाठींचे आहेत, माणसं बरी झाल्याचे नाहीत. झटका दिला तीच गाठ जाते. शिवाय तीन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी कमी दाद देतात, आणि आधी रेडिएशन झालेल्या कातडीवरही परिणाम थोडा कमी मिळू शकतो. जखम भरायला काही आठवडे जातात, त्या काळात ती आधीपेक्षा वाईट दिसू शकते. आधी स्कॅन करून आजार आणखी कुठे आहे का ते पाहू द्या. चालू औषधं बंद करू नका. आणि डॉक्टरांना सरळ विचारा, ‘आईची ही वाहणारी गाठ कोरडी करण्यासाठी काय काय करता येईल?’ बाकीच्या चर्चेत हा प्रश्न मागे पडता कामा नये.

प्रश्न : एक हजार व्होल्ट देऊनही कातडी भाजत कशी नाही? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

कारण वेळ फार थोडा असतो. दर सेंटिमीटरला साधारण १००० व्होल्ट हे खरं, पण एक झटका फक्त १०० मायक्रोसेकंदांचा आणि असे आठच झटके. सगळे मिळून एक मिलिसेकंदसुद्धा होत नाही. तेवढ्यात भाजण्याइतकी उष्णता तयारच होत नाही.

आता औषधाकडे या. ब्लिओमायसिन या केमोच्या औषधाचा रेणू मोठा आणि विद्युतभारित, त्यामुळे पेशीच्या तेलकट पडद्यातून त्याला सहसा आत जाता येत नाही. आत पोचला तर मात्र तो डीएनए कापत सुटतो. झटक्यांनी पडद्याला अतिसूक्ष्म भोकं पडतात आणि काही मिनिटांत बुजतात. तेवढ्या वेळात औषध आत जातं. प्रयोगशाळेत ब्लिओमायसिनची मारकशक्ती अशी शेकडो पटींनी वाढलेली दिसते. सिस्प्लाटिन या दुसऱ्या केमो-औषधाची वाढ त्याहून बरीच कमी. फ्रान्समध्ये लुई मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हे पेशींवर दाखवलं आणि १९९१ पर्यंत ते रुग्णांपर्यंत नेलंही. इतक्या लवकर रुग्णांपर्यंत पोचणारी कल्पना क्वचितच दिसते.

शिरेतून औषध दिलं की आठ मिनिटं थांबतात, ते गाठीत पसरू देतात आणि पुढच्या वीसेक मिनिटांत झटके पूर्ण करतात. घड्याळ इथे औषधाइतकंच महत्त्वाचं.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे, गालावर कातडीचा कर्करोग, पेसमेकर बसवलेला. दुखेल का? चालेल का? (बेळगाव)

झटक्यासरशी स्नायू आखडतात आणि ते भूल न देता सोसवत नाही. गाठ लहान असेल तर जागा बधिर करतात, जास्त असतील तर पूर्ण भूल देतात. पेसमेकर असल्यामुळे नकारच मिळेल असं नाही. गाठ छातीपासून किती लांब आहे ते पाहून हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवायचं. मी जास्त जपेन ते फुप्फुसांना. ब्लिओमायसिनने फुप्फुसं कडक होऊ शकतात, म्हणून वडिलांना दम लागत असेल किंवा मूत्रपिंडं कमकुवत असतील तर आधीच सांगा. उतारवयात मात्रा कमी करूनही हा उपचार देता येतो.

प्रश्न : एका गाठीवर उपचार केला की प्रतिकारशक्ती जागी होऊन बाकीच्या गाठीही विरघळतात, असं वाचलं. खरं आहे का? (नाशिक)

या प्रश्नाची मी वाट पाहत होते. यात खऱ्याचा अंश आहे, पण त्यावर मजले चढवले जातात.

खरं इतकं, की उंदरांवरच्या प्रयोगांत ज्यांची प्रतिकारशक्ती शाबूत होती त्यांच्या गाठी बऱ्या होत. टी-पेशी (शत्रू ओळखून मारणाऱ्या प्रतिकारपेशी) नसलेल्या उंदरांमध्ये तोच उपचार अपुरा पडे. म्हणजे शेवटच्या कर्करोगपेशी औषध आणि वीज मारत नाहीत, शरीराचे पहारेकरी मारतात. अशा तऱ्हेने मरणारी पेशी गुपचूप मरत नाही. मरताना ती एटीपीसारखे (एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन) इशारे बाहेर सोडते, कॅल्रेटिक्युलिन नावाचं प्रथिन पृष्ठभागावर आणते, आणि मग प्रतिकारपेशी तिचे तुकडे उचलून टी-पेशींना ‘हा शत्रू’ म्हणून दाखवतात.

माणसात मात्र एवढ्यानं लांबच्या गाठी जाणं विरळाच. म्हणून संशोधक दोन वाटांनी जोर लावताहेत. पहिली, झटक्यांनी औषधाऐवजी आयएल-१२ या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या प्रथिनाचं जनुक गाठीत घालायचं. मेलॅनोमा या कातडीच्या कर्करोगावरच्या अशा पहिल्या चाचणीत (२००८) झटके न दिलेल्या लांबच्या गाठी असलेल्या आणि दुसरं कोणतंही औषध न घेतलेल्या १९ रुग्णांपैकी दोघांच्या सगळ्या गाठी गेल्या. दोघंच, पण त्या दोघांमुळे अनेकांनी हा विषय सोडला नाही. दुसरी वाट, टी-पेशींचा लगाम सोडणारी इम्युनोथेरपीची औषधं सोबत द्यायची. ज्या शोधातून ती औषधं आली त्याला २०१८चं नोबेल मिळालं. सोबतीचे सुरुवातीचे अनुभव आशादायक आहेत. पण ते बहुतांशी जुन्या नोंदी चाळून काढलेले आहेत, त्यावरून घरच्यांना शब्द देऊ नका.

मला स्वतःला आणखी एका कामाची ओढ आहे. डेन्मार्कमध्ये केमोऐवजी साधं कॅल्शियम टोचून झटके देतात. पेशीत अचानक कॅल्शियम भरलं की तिची ऊर्जा संपते. २०१८च्या छोट्या तुलनेत त्याचा निकाल ब्लिओमायसिनच्या जवळपास आला. स्वस्त औषधाची गरज आपल्यापेक्षा जास्त कुणाला आहे?

प्रश्न : ‘विजेने गाठ विरघळवणारं’ घरगुती यंत्र जाहिरातीत पाहिलं. घेऊ का? (सांगली)

नका घेऊ. अंगदुखीवर वापरतात त्या यंत्रांत पेशीचा पडदा उघडण्याइतकं विद्युतक्षेत्र नसतं, आणि सोबत औषध नसेल तर उघडून उपयोग काय? त्या पैशांत गाठीचा तुकडा तपासून घ्या, या आठवड्यातच.