मीलवर्म पाळायचेत? आधी उन्हाळ्याचं बघ

मीलवर्म म्हणजे एका भुंग्याच्या अळ्या, खाण्यासाठी पाळतात त्या. सुरुवात आत्ता एप्रिलात करू नकोस, पावसाळा लागू दे. या अळ्यांना २५ ते २८ अंश मानवतं आणि आपल्या सोलापुरात पारा ४० च्या वर जातो. माझा पहिला ट्रे पत्र्याच्या खोलीत होता. मे महिन्यात एका दुपारीच सगळा खेळ संपला. आता खालच्या खोलीत, फरशीवर ठेवतो, बाजूला ओलं पोतं.

गिरणीतून गव्हाचा कोंडा आण, दोन-तीन इंच पसर. पाणी मात्र अजिबात शिंपडू नकोस, बुरशी धरते. ओलाव्यासाठी गाजराची किंवा बटाट्याची चकती पुरे, आणि ती सुकली की उचल. कोष दिसले की वेगळे काढ. आळस केलास तर भुंगे आणि अळ्या ते कुरतडतात. अंड्यापासून खाण्याजोग्या अळीपर्यंत अडीच-तीन महिने जातात, घाई चालत नाही. आणि हो, हा मूळचा साठवणीच्या धान्यातला किडा आहे. ज्वारीच्या पोत्यांजवळ ठेवलास तर घरचे तुलाच बाहेर काढतील!

खाण्याआधी एक दिवस उपाशी ठेव, मग उकळून खमंग भाज. वाळवलेल्या अळीत निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. मी शेंगाचटणीत कुटून घालतो, कडक भाकरीबरोबर झकास लागते. कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला मात्र चाखायलाही देऊ नकोस. युरोपियन युनियनने २०२१ मध्ये याच अळीला खाद्य म्हणून मान्यता दिली, तीही पाकिटावर अ‍ॅलर्जीची सूचना छापायच्या अटीवर.